फोमची बाहुली, ब्लाउजचे टक्स आणि मोहफुलांचा हंगाम

(मागच्या मासिक सभेत मी जे बोलले ते लिहून द्या, असं बऱ्याच ग्रामसंघांनी सांगितलं. ज्या ताया त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिलंय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मापं नीट तपासून घेतली.)



आज कर्जफेडीचं रजिस्टर उघडणार नाही, घाबरू नका. आज माझ्या पिशवीत दुसरंच काही आहे. ही बघा. हिचं नाव अजून ठेवलेलं नाही. हिचं डोकं गादीच्या फोमचं, कातडी माझ्या भावाच्या जुन्या टी-शर्टची, केस सुतळीचे आणि डोळे शर्टाच्या बटणांचे. हिचा वास बघायचा असेल तर बघा, अजून थोडा सोल्यूशनचा येतो.

बाहुल्यांचा खेळ आपल्याला नवा नाही. ‘झपाटलेला’ पाहिला नाही अशी एक तरी ताई इथे आहे का? 1993 चा सिनेमा. त्यातला तात्या विंचू रामदास पाध्ये यांनी बनवला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा आठवतो ना? तोही त्यांचाच. आणि लिज्जत म्हणजे कोण? 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्या बायका. म्हणजे बायकांचा उद्योग आणि बाहुली यांची ओळख जुनीच आहे.

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथे ठाकर समाजाची माणसं पिढ्यान् पिढ्या लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि आपल्याकडे तर काय बोलायचं! झाडीपट्टीचं नाटक आपलंच. दिवाळी झाली की वडसा गजबजतं, रात्र-रात्र मंडप भरतात. आपल्या कुरखेड्याकडचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती ह्याच रंगभूमीसाठी. तेव्हा ‘आमच्याकडच्या लोकांना नाटक-बिटक समजत नाही’ असं कोणी म्हटलं तर हसा.

पण लाकडी बाहुली कोरायला सुतार लागतो आणि हात बसायला वर्षं लागतात. फोमची बाहुली तशी नाही. जिला ब्लाउज शिवता येतो तिला ही बाहुली अर्धी आधीच येते. कशी ते आता सांगते.

आधी सामान.

फोम गादीवाल्याकडे, सोफा दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो. आपल्याला अर्धा इंच जाडीचा पाहिजे. एक इंची घेतला तर तो वळत नाही, डोकं भोपळ्यासारखं होतं. पाव इंची घेतला तर चेहरा आत बसतो. दुकानात बोटाने दाबून बघायचा, सोडल्यावर लगेच वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर तो फोम नको. पिवळा पडलेला, नखाने खरवडला की भुगा सुटणारा फोम फुकट दिला तरी घेऊ नका, तो जुना झालाय. तुकडे मागितले तर सोफावाला बरेचदा तसेच देतो. कान, नाक, हात त्या तुकड्यांतच होऊन जातात.

चिकटवायला पांढरं फेव्हिकॉल चालत नाही. आम्ही पहिल्यांदा तेच लावलं. दोन दिवस ओलं राहिलं आणि वाळल्यावर कडक पापडी झाली, दाबलं की कडकड आवाज. रेक्झिन आणि चपला चिकटवायला जे पिवळसर रबरी सोल्यूशन वापरतात ते पाहिजे. ते लावायची एक रीत आहे. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा आणि लगेच चिकटवायचं नाही. पाच-दहा मिनिटं थांबायचं. बोट लावलं की चिकट लागतं पण बोटाला येत नाही, तेव्हा दोन्ही कडा एकमेकींवर दाबायच्या. एकदा चिकटलं की सुटत नाही, म्हणून आधी जुळवून बघायचं आणि मगच दाबायचं.

इथे मला माझी चूक सांगायची आहे. पहिल्या प्रशिक्षणाला पाऊस होता, म्हणून आम्ही खोलीची दारं-खिडक्या लावून बसलो. बारा बायका आणि सोल्यूशनचे चार डबे. तासाभरात एका ताईला चक्कर आली, दोघींचं डोकं धरलं. ती ताई मला म्हणाली, “माय, हे तं दारूच्या भट्टीहून वाईट हाय.” चूक पूर्णपणे माझी होती, डब्यावर लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. तेव्हापासून हे काम फक्त ओसरीत नाहीतर अंगणात. पोटुशी बाई आणि लहान लेकरं जवळ नकोत. आणि आसपास चूल नको, विडी नको, अगरबत्तीही नको. त्या सोल्यूशनची वाफ पेट घेते. फोम स्वतःही भडाभडा जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. थर्माकोल तर ह्यात वापरूच नका, सोल्यूशन लागलं की तो विरघळतो. आम्ही थर्माकोलचं नाक लावलं होतं, डोळ्यांदेखत पाणी झालं.

कापायला कात्री घेतली की फोम चिमटतो आणि कड वाकडी येते. नवीन पातं घातलेला कटर घ्या, पातं लांब बाहेर काढा आणि न दाबता ओढत न्या. दोन-तीन वेळा ओढलं तरी चालेल. पातं बोथट झालं की फोम कुरतडला जातो, मग टोक मोडून टाका.

आता टक्स. इथे शिवणकाम येणाऱ्या तायांनी कान द्या.

कापड सपाट असतं आणि अंग गोल असतं. मग आपण काय करतो? टक्स घेतो. कटोरीत कापड कमी केलं की ते आपोआप उभं राहतं. फोमचंही तेच. सपाट तुकड्यातून पाचर काढायची आणि दोन कडा एकमेकींना चिकटवायच्या, फोम फुगून गोल होतो. शिलाईच्या जागी सोल्यूशन, एवढाच काय तो फरक. अमेरिकेत 1969 पासून लेकरांसाठी टीव्हीवर ज्या मऊ बाहुल्या आल्या आणि ज्यांच्यावरून आपल्याकडे 2006 मध्ये ‘गली गली सिम सिम’ आलं, त्यांचं डोकंही असंच फोम कापून आणि वळवून बनवतात. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वाटलं यात काहीतरी मोठं यंत्र असेल. काही नाही, टक्सच आहेत.

मापं लिहून घ्या. 20 इंच लांब आणि 9 इंच उंच असा तुकडा कापा. खालच्या कडेपासून 4 इंचांवर आडवी रेघ मारा. त्या रेघेवर 0, 5, 10, 15 आणि 20 इंचांवर खुणा करा. मग वरच्या कडेवर अडीच, साडेसात, साडेबारा आणि साडेसतरा इंचांवर खुणा करा. ह्या वरच्या चार खुणा म्हणजे चार टोकं. खालच्या खुणेपासून वरच्या टोकापर्यंत रेघ ओढायची, पण सरळ नाही, थोडी बाहेर फुगलेली. संत्र्याची फोड उभी धरली की तिची कड जशी दिसते तशी. सरळ कापलं तर डोकं टोकदार होतं, शंकराच्या देवळाच्या कळसासारखं. आमची पहिली तीन डोकी तशीच झाली, त्यांना आम्ही नंतर चेटकिणी केलं.

कापल्यावर ती पट्टी चार कळसांच्या मुकुटासारखी दिसते. आता तिची दोन टोकं जोडून गोल कडं करा. जोड मागच्या बाजूला. मग चारही पाकळ्या वर एकमेकींना चिकटवत न्या. डोकं तयार. साधारण सव्वासहा इंच रुंद होतं, म्हणजे आपल्या डोक्याएवढंच.

तोंड कापायचं ते जोडाच्या बरोबर समोर, खालून अडीच इंचांवर, 10 इंच लांब आडवी चीर. म्हणजे अर्धा गोल. आत जे तोंड बसतं ते सव्वासहा इंचाचं गोल. डोक्याच्या गोलाचा अर्धा परीघ 10 इंच, आणि ह्या तोंडाच्या गोलाचाही अर्धा परीघ तेवढाच येतो. म्हणून वरचा ओठ आणि खालचा ओठ दोन्ही बरोबर जुळतात. थोडं मागे-पुढे झालं तर कात्रीने सारखं करायचं.

हे तोंड कशाचं करायचं? पुठ्ठ्याचं केलं तर तीन खेळांत लोळागोळा होतं, हाताला घाम येतो ना. आम्ही फाईलचं जाड प्लास्टिक वापरलं, तेही दुमडीवर तुटलं. सगळ्यात चांगलं निघालं ते रबरी चपलेचं तळवं. जुनी चपल घासून धुवायची, पातळ कापायची, दोन अर्धे गोल करायचे आणि मधे कापडाची पट्टी चिकटवून बिजागिरी करायची. वरच्या अर्ध्याला आतून इलॅस्टिकची पट्टी, त्यात चार बोटं. खालच्या अर्ध्याला छोटी पट्टी, त्यात अंगठा. इलॅस्टिक नसेल तर बोटं निसटतात आणि बाहुली बोलता बोलता जबडा टाकते. तोंडाच्या आत लाल कापड लावा, लांबूनही दिसतं.

वरून चढवायला ताणणारं कापड पाहिजे. टी-शर्टचं होजिअरी कापड, जुनं स्वेटर नाहीतर लोकरीची शाल. साडी डोक्यावर चढवू नका, ती ताणत नाही, सुरकुत्या पडतात. साडी बाहुलीला नेसवायला ठेवा. कापड सोल्यूशनने सगळीकडे चिकटवू नका, डाग वर येतात. फक्त तोंडाच्या कडेला आणि मानेखाली चिकटवा, मागे हाताने शिवा. शिवताना सुई एकदा ह्या कडेच्या आतून, एकदा त्या कडेच्या आतून, शिडीसारखी न्यायची आणि चार टाके झाले की दोरा ओढायचा. टाके आत गडप होतात.

एक गोष्ट मनापासून सांगते. मी पहिल्यांदा नागपूरहून गुलाबी मऊ कापड आणलं होतं, कारण व्हिडिओत तसंच होतं. एका अंगणवाडीत बाहुली काढली तर एक पोट्टी म्हणाली, “ही कोण्या गावची हाय?” ती बरोबर होती. आपल्या गावात अशी गुलाबी कोण आहे? त्यानंतर आम्ही तपकिरी, गव्हाळ, सावळे टी-शर्ट शोधायला लागलो. आणि ठरवलं की काळा रंग वाईट पात्राला द्यायचा नाही. सावकार गोरा असला तरी चालतो.

डोळ्यांबद्दल थोडं. बटणं, बाटलीची झाकणं किंवा पिंगपाँगचा अर्धा चेंडू, काहीही चालतं. पण बुबुळं अगदी मधोमध लावली की बाहुली भूत दिसते. दोन्ही बुबुळं थोडी नाकाकडे सरकवायची, मग ती कोणाकडे तरी बघतेय असं वाटतं. आधी टाचणीने लावून चार हात लांब जाऊन बघा, मग पक्कं करा.

हात आत घातल्यावर बायका एक चूक हमखास करतात. तोंड उघडायला वरची चार बोटं उचलतात. त्याने बाहुली आभाळाकडे बघून बोलते. आपण बोलतो तेव्हा कपाळ वर जातं का? जबडा खाली जातो. म्हणून अंगठा खाली न्यायचा, बोटं स्थिर. मनगट जरा पुढे वाकवायचं म्हणजे नजर लोकांवर राहते. आणि प्रत्येक अक्षराला तोंड उघडायचं नाही, प्रत्येक झटक्याला उघडायचं. ‘मोहा’ म्हणताना दोनदा. ‘बचत गट’ म्हणताना तीनदा, ब-चत-गट. आरशासमोर रोज दहा मिनिटं करा. आमच्या एका सीआरपी ताईने स्वयंपाक करता करता डाव्या हाताने सराव केला, महिन्याभरात ती माझ्यापेक्षा पुढे गेली.

वाघ आणि हत्तीही लागतात आपल्याला. 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानहत्ती गडचिरोलीत आले तेव्हापासून धानोरा, कुरखेडा भागातल्या लेकरांना हत्ती पाहिजेच असतो. सोंडेसाठी फोमची नळी करायची आणि खालच्या बाजूने दर इंचाला छोटी पाचर कापायची, न चिकटवता. आतून दोरी ओढली की सोंड वळते. लेकरं वेडी होतात. एका प्रयोगात आम्हाला हत्तीची सोंड वळवायला इतकं आवडलं की बाकी काय सांगायचं तेच राहिलं.

एवढं झालं सामानाचं. आता ज्यासाठी मी हे सगळं उचललं ते सांगते. हे बोलताना मला अजूनही थोडं जड जातं.

मार्च आला की मोह गळायला लागतो. पहाटे फुलं पडलेली असतात, बायका अंधारातच टोपली घेऊन निघतात. वाकून वेचतात. मग मे महिन्यात तेंदूपत्ता. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, ह्या पट्ट्यात कोणत्या घरात कोणाचा माणूस गेलाय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं वनखात्याचे लोक सांगतात. तिकडे बंगालमध्ये सुंदरबनात मध गोळा करणारे लोक डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधायचे, कारण वाघ पाठीमागून येतो. ते वाचून मला वाटलं, आपण बाहुल्यांचा खेळ करू. ‘एकटं जाऊ नका, उजेड पडल्यावर जा, आवाज करत जा.’ पंधरा मिनिटांचा.

मीच लिहिला. त्यात एक आळशी नवरा होता, एक हट्टी बाई होती, शेजारणीचं ऐकत नाही आणि पहाटे एकटीच जाते. मग वाघ येतो. वाघ आम्ही सुंदर बनवला होता, जबडा मोठा, दात पांढऱ्या फोमचे. वाघाने बाईच्या बाहुलीची मान तोंडात धरली आणि पडद्याखाली ओढली. लेकरं किंचाळली आणि मग हसली. फोमची बाहुली मान मोडल्यावर लटलटते ना, ते दिसायला गमतीचं दिसतं. सगळे हसले. मला पडद्यामागे वाटलं, वा, खेळ रंगला.

पडदा म्हणजे साडीच होती, दोन खांबांना बांधलेली. तिच्या फटीतून मला दिसलं की मागच्या रांगेतली एक ताई उठली आणि गेली. मला वाटलं घरी काम असेल. नंतर ग्रामसंघाच्या सचिव ताईने सांगितलं. त्या ताईची सासू दोन वर्षांपूर्वी मोहाला गेली होती ती परत आलीच नव्हती.

मी गाव न विचारता गेले नव्हते, सरपंचांना विचारलं होतं. अंगणवाडी ताईला विचारलं होतं. ज्या घरात हे घडलं त्या घराला विचारलं नव्हतं. समाजकार्याच्या कॉलेजात दोन वर्षं आम्हाला हेच शिकवलं होतं, आणि पेपरात त्यावर चांगले मार्कही पडले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. माफी मागितली. ती चिडली नाही, तिने चहा ठेवला, आणि चहा होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, तुमच्या खेळातली बाई हट्टी हाय म्हणून मरते. माही सासू हट्टी नव्हती वो. उजेड झाल्यावर गेलं तं फुलं दुसरा वेचून नेते. उरलेली गाई-ढोरं खातेत. एकटी काहून गेली? माह्या लेकराला ताप होता, मी गेली नाही म्हणून गेली.”

तायांनो, मी तिच्यापुढे काय बोलणार होते? आम्ही गावोगाव सांगत फिरतो, एकटं जाऊ नका, अंधारात जाऊ नका. जणू बायका हौसेने जातात. त्या टोपलीवर घरचं तेल-मीठ चालतं, गटाचा हप्ता चालतो. हो, गटाचा हप्ताही. मार्च-एप्रिलमध्ये आपली वसुली चांगली होते ती कशामुळे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मग तो खेळ आम्ही फाडला. नवीन खेळ त्या ताईने आणि तिच्या गटाने सांगितला, मी फक्त लिहून घेतला. त्यात वाघ आहे, पण तो कोणाला धरत नाही. तो झाडामागून फक्त डोकं काढतो, बघतो आणि जातो. तेवढ्यानेच लोक गप्प होतात. मरणारी बाई खेळात नाही. तीन बायका आहेत आणि त्यांचं भांडण आहे ते मोहाच्या झाडांवरून, कोणाचं झाड कोणतं. एक म्हणते सगळ्या उजेडात जाऊ, दुसरी म्हणते तू गेली तर माझी फुलं कोण राखील. शेवटी खेळ मधेच थांबतो आणि बाहुली लोकांना विचारते, “आता सांगा, आपल्या गावात कसं करायचं?” पुढचं लोक बोलतात.

आणि बोलतात हो! ज्या काकू ग्रामसभेत पदर तोंडाला लावून बसतात, त्या बाहुलीशी भांडतात. एका गावात एक आजी बाहुलीला म्हणाली, “तू गप बस, तुले काय समजते, तू शहरातून आली.” (तेव्हा आमची ती गुलाबी बाहुली होती.) एका गावात बायकांनी तिथल्या तिथे ठरवलं की कोणती झाडं कोणत्या घराची ते ग्रामसंघाच्या वहीत लिहायचं, आणि सूर्य दिसल्याशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही, म्हणजे कोणाचंच नुकसान नाही. दुसऱ्या गावात काहीच ठरलं नाही, भांडणच झालं. तिथे परत जायचं आहे.

ज्या गावात असं काही घडलंय तिथे आता आम्ही आधी त्या घरी जातो. ते घर नको म्हणालं तर खेळ करत नाही. एका घराने नको म्हटलं, आम्ही तिथे फक्त हत्तीचा खेळ केला.

त्यावरून आणखी एक. दारूवर खेळ करा असं बरेच गट म्हणतात. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली, आपल्या बायकांनी त्यासाठी किती मोर्चे काढले ते सगळ्यांना आठवतं. पण दारुड्याची बाहुली झोकांड्या खायला लागली की मंडप हसतो. जिचा नवरा रात्री तसाच घरी येतो ती हसत नाही. तो खेळ कसा करायचा ते मला अजून समजलेलं नाही. कोणत्या गटाला सुचलं तर सांगा.

आता पैशाचं. मला तीन गटांनी विचारलं, ताई, हा व्यवसाय म्हणून करता येईल का, सीआयएफमधून कर्ज घेऊ का. माझं स्पष्ट मत, कर्ज घेऊ नका. सहा बाय तीन फुटांच्या एका अर्ध्या इंची शीटमधून 12 डोकी निघतात, वरून कानांपुरता पट्टा उरतो, म्हणजे सामान फार लागत नाही. पण एका बाहुलीला शिकलेल्या हातालाही दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांची मजुरी धरून भाव सांगितला की गिऱ्हाईक कारखान्याची बाहुली घेतं. शाळा, अंगणवाड्या घेतील, पण आधी ऑर्डर हातात येऊ द्या, मगच फोम कापा. ज्या गटाकडे शिलाई मशीन आहे आणि चिंध्या उरतात त्यांनी जोडकाम म्हणून करावं. शेळीपालन सोडून ह्याच्या मागे लागू नका. हे ऐकून काही जणी नाराज होतील, मला माहीत आहे.

सांभाळण्याबद्दल दोन शब्द. बाहुली उन्हात वाळवू नका, फोम पिवळा पडून झडतो. धुवायची तर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत उलटी टांगा. पावसाळ्यात आत बुरशी धरते, म्हणून खेळ झाल्यावर घाम वाळेपर्यंत पिशवीत भरू नका. वर वजन ठेवू नका, चेहरा कायमचा चपटा होतो. आमचा पहिला सावकार असाच तांदळाच्या कट्ट्याखाली गेला. आणि उंदीर. उंदराला फोम फार आवडतो, घरट्यासाठी. पत्र्याचा डबा घ्या, कडुनिंबाची पानं टाका.

पुढचं शिबिर मंगळवारी आहे, प्रभागसंघाच्या ओसरीत, सकाळी अकरा वाजता. प्रत्येक ग्रामसंघातून दोघी या, त्यातली एक शिवणकाम येणारी असू द्या. येताना एक ताणणारा जुना टी-शर्ट, एक रबरी चपल, सुई-दोरा, चार बटणं आणा. फोम आणि सोल्यूशन प्रभागसंघ देईल. ज्या ताईने नवा खेळ सांगितला ती येणार आहे. तिला वाघाचं डोकं स्वतः बनवायचं आहे, आधीच्या वाघाचे दात तिला फार मोठे वाटतात.